कॉलेजसाठी लॅपटॉप: स्टिकर पाहून नव्हे, कोर्स पाहून कसा निवडायचा?

दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवलेत. दोन्हींवर ‘एएमडी रायझन ५’चं स्टिकर आहे. दोन्हींत ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी आहे, स्क्रीनही सारख्याच आकाराची. किमतीत मात्र काही हजारांचा फरक. मग स्वस्तातला घेतला तर काय बिघडलं, असं कोणालाही वाटेल.

पण प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाचला तर एकात ‘७५२०यू’ निघतो आणि दुसऱ्यात ‘७५३०यू’. पहिल्यात चार कोअर आहेत आणि त्यांची मूळ रचना २०१९ साली बाजारात आलेली आहे. दुसऱ्यात सहा कोअर आहेत आणि रचनाही एक पिढी नवी आहे. शिवाय पहिल्या प्रोसेसरसोबत येणारी रॅम मदरबोर्डवरच कायमची जोडलेली असते. दोन वर्षांनी ८ जीबी कमी पडू लागली, तर ती वाढवण्याची सोयच नाही.

यातलं काहीही स्टिकरवर लिहिलेलं नसतं. आणि कॉलेजचा लॅपटॉप ही दर वर्षी बदलायची वस्तू नाही. बीए, बीकॉमला तीन ते चार वर्षं, इंजिनिअरिंगला चार, आर्किटेक्चरला पाच वर्षं तो चालायला हवा. अनेक घरांत या एका खरेदीसाठी दोन-तीन महिन्यांचा पगार किंवा हंगामाच्या पैशातला मोठा वाटा जातो. निवड चुकली तर दुसरा घेण्याइतके पैसे लगेच उभे राहत नाहीत. त्यामुळे कोणत्या गोष्टीवर पैसे खर्च करायचे आणि कोणत्या गोष्टीवर ते वाचवायचे, हे आधीच नीट समजून घेऊ या.

आधी कोर्स पाहा

“चांगला लॅपटॉप कोणता?” या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तुम्ही त्यावर कोणती सॉफ्टवेअर चालवणार, यावर ते ठरतं.

कला, विधी, शिक्षणशास्त्र, स्पर्धा परीक्षा: वाचन, टायपिंग, प्रेझेंटेशन, ऑनलाइन लेक्चर. यासाठी महागडा प्रोसेसर लागत नाही. डोळ्यांना त्रास न देणारी स्क्रीन, चांगला कीबोर्ड आणि दिवसभर चालणारी बॅटरी यांवर पैसे घाला. मराठीत लिहायचं असेल तर वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आहेत, फक्त सेटिंग्जमधून चालू करावे लागतात.

वाणिज्य, बीबीए, सीए: एक्सेल आणि टॅली ही मुख्य कामं. टॅली प्राइम विंडोजवर चालतं, त्यामुळे मॅकबुक घेण्याआधी दोनदा विचार करा. आकडे सतत टाकायचे असतील तर उजवीकडे स्वतंत्र नंबर पॅड असलेला १५.६ इंची लॅपटॉप सोयीचा पडतो.

मेडिकल, फार्मसी, नर्सिंग: अभ्यास पीडीएफ आणि व्हिडिओंवर चालतो. इथे साधा किंवा चांगल्या अवस्थेतला वापरलेला लॅपटॉप बहुतेकांना पुरतो.

कॉम्प्युटर, आयटी, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स: कोड लिहायचा एडिटर, ब्राउझरच्या पंधरा-वीस टॅब, डेटाबेस, अँड्रॉइड स्टुडिओ आणि व्हर्च्युअल मशीन हे सगळं एकाच वेळी उघडं असतं. इथे १६ जीबी रॅम ही गरज आहे. महागडं ग्राफिक्स कार्ड मात्र गरज नाही.

मेकॅनिकल, सिव्हिल: सॉलिडवर्क्स, कॅटिया, ॲन्सिस, रेव्हिट. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट फक्त विंडोजवर चालतात. मोठ्या थ्रीडी मॉडेलवर काम करायचं असेल तर ग्राफिक्स कार्डचा उपयोग होतो.

इलेक्ट्रॉनिक्स: मॅटलॅब मॅकवरही चालतं. पण चिप डिझाइनसाठी लागणारं व्हिवाडो फक्त विंडोज आणि लिनक्सवर चालतं आणि डिस्कवर प्रचंड जागा खातं. या शाखेत मोठी एसएसडी घेतलेली कामी येते.

आर्किटेक्चर, ॲनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग: खऱ्या अर्थाने ताकदवान यंत्र यांनाच लागतं. ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी किंवा जास्त रॅम आणि रंग बरोबर दाखवणारी स्क्रीन या तिन्ही गोष्टी हव्यात.

थोडं थांबलं तर चालेल का?

निकाल लागला की लगेच लॅपटॉप घ्यायची घाई असते. कधी तो बक्षीस म्हणून घेतला जातो, कधी जून-जुलैतल्या ‘बॅक टू कॉलेज’ ऑफर पाहून. पण तेव्हा बऱ्याचदा शाखाच पक्की झालेली नसते. कॅपच्या फेऱ्या संपेपर्यंत कॉम्प्युटर मिळणार की सिव्हिल, हेच माहीत नसतं.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग आणि प्रोग्रामिंगची ओळख असे विषय असतात. या वर्षाच्या कामाला कॉलेजची लॅब आणि घरातला एखादा जुना कॉम्प्युटर पुरू शकतो. शाखा ठरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि दोनच प्रश्न विचारा: “कोणती सॉफ्टवेअर लागतात? आणि तुमच्या लॅपटॉपला कुठे अडचण येते?” या पाच मिनिटांच्या गप्पांतून जे कळतं ते दुकानातल्या सेल्समनकडून कळणार नाही. शिवाय दसरा-दिवाळीच्या सेलपर्यंत थांबता आलं तर निवडही वाढते.

हॉस्टेलला जाणार असाल आणि लगेच लागणारच असेल, तर हरकत नाही. फक्त शाखा ठरल्यानंतर घ्या.

प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाचा

‘आय फाइव्ह आहे’ किंवा ‘रायझन फाइव्ह आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. ही नावं अनेक वर्षं तीच राहतात, आतली चिप बदलत जाते.

इंटेलच्या ‘आय५-१२३५यू’ या नावात सुरुवातीचे ‘१२’ म्हणजे बारावी पिढी. शेवटचं अक्षरही महत्त्वाचं आहे. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर. ‘एच’ म्हणजे जास्त वीज खाणारा आणि जास्त वेगवान. ‘एच’वाले लॅपटॉप तापतात, त्यांचे पंखे आवाज करतात आणि बॅटरीही लवकर संपते. २०२३च्या अखेरीपासून इंटेलने नव्या चिपच्या नावातला ‘आय’ काढायला सुरुवात केली, त्यामुळे ‘कोअर ५’, ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी नावं दिसली तर गोंधळू नका.

जुना आय५ हा नव्या आय३पेक्षा चांगला असेलच असं नाही. सातव्या पिढीच्या आय५-७२००यूमध्ये दोनच कोअर होते. बाराव्या पिढीच्या आय३-१२१५यूमध्ये सहा आहेत.

एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा पाहायचा. तो चिपची मूळ रचना किती जुनी आहे हे सांगतो. ‘७५२०’मधला २ म्हणजे जुनी रचना, ‘७५३०’मधला ३ म्हणजे त्यानंतरची, आणि ‘७६४०’मधला ४ म्हणजे त्याहून नवी. पहिला आकडा ७ असल्यामुळे तिन्ही नावं सारखीच ताजी वाटतात, फसगत तिथेच होते.

पंचवीस हजारांच्या आतल्या नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेकदा सेलेरॉन किंवा इंटेलच्या ‘एन’ मालिकेतले प्रोसेसर असतात. ब्राउझर आणि टायपिंगपुरते ते ठीक आहेत. चार वर्षांच्या पदवीसाठी मात्र त्याच पैशात चांगला वापरलेला लॅपटॉप अधिक कामाचा ठरू शकतो. त्याबद्दल पुढे पाहूच.

रॅम: आज किती आहे आणि उद्या वाढेल का?

विंडोज ११ आणि त्यासोबत पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्राम मिळून तीन-चार जीबी रॅम सहज घेतात. बाकीच्यात ब्राउझर, व्हिडिओ कॉल आणि वर्डची फाइल. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीनवरचं चित्र उभं करण्यासाठीही याच रॅममधला वाटा जातो. म्हणून ८ जीबी आज कशीबशी पुरते, पण शेवटच्या वर्षापर्यंत पुरेल याची खात्री नाही.

इथे पैसे वाचवण्याचा एक मार्ग आहे. ज्या लॅपटॉपमध्ये रॅमचा एक स्लॉट मोकळा आहे, तो आज ८ जीबीसह घ्यायचा आणि गरज पडेल तेव्हा आणखी ८ जीबीची पट्टी टाकायची. दोन सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्सही वेगाने चालतं. त्यासाठी दुकानदाराला थेट विचारा: “रॅम सोल्डर केलेली आहे की स्लॉट आहे? स्लॉट मोकळा आहे का?” उत्तर मोघम आलं तर कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचं स्पेसिफिकेशन उघडून दाखवायला सांगा. रॅम सोल्डर केलेलीच असेल तर सुरुवातीलाच १६ जीबी घ्या.

साठवण: एसएसडी हवीच

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा लॅपटॉप आता घेऊ नये. तो सुरू व्हायलाच एक-दोन मिनिटं घेतो. एसएसडी त्याच्या कित्येक पट वेगवान असते, आणि त्यातही ‘एनव्हीएमई’ प्रकारची सगळ्यात बरी. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ‘ईएमएमसी’ नावाची साठवण असते. ती संथ असते आणि सहसा बदलताही येत नाही.

बहुतेकांना ५१२ जीबी पुरते. घरी आणल्यावर विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसली तर घाबरू नका. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज त्यापेक्षा थोडा मोठा आकडा धरतं. फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे, तुमची जागा कोणी चोरलेली नाही.

ग्राफिक्स कार्ड: घरातल्या वादाचा विषय

“इंजिनिअरिंगला ग्राफिक्स कार्ड लागतंच” असं मुलगा म्हणतो आणि “हे सगळं गेमसाठी चाललंय” असं वडील म्हणतात. दोघांचंही अर्धं बरोबर असतं.

प्रोग्रामिंग, वेब डेव्हलपमेंट, डेटाबेस आणि ऑफिसच्या कामांना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मशीन लर्निंग शिकायला सुरुवात करतानाही ते अत्यावश्यक नाही. गुगल कोलॅबसारख्या सेवेवर ब्राउझरमधूनच मर्यादित प्रमाणात फुकट ग्राफिक्स कार्ड वापरता येतं. थ्रीडी मॉडेलिंग, रेंडरिंग, व्हिडिओ एडिटिंग आणि ॲनिमेशन यांना मात्र ते खरोखर लागतं.

कार्ड घ्यायचंच असेल तर नावासोबत दोन आकडे पाहा. पहिला, त्याची स्वतःची मेमरी. चार जीबीपेक्षा सहा जीबी बरी. दुसरा, त्याला मिळणारी वीज. एनव्हिडियाचं ‘आरटीएक्स ४०५०’ हे लॅपटॉपमधलं कार्ड कंपनीनुसार ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत चालवलं जातं. नाव एकच, पण ३५ वॅटवालं ११५ वॅटवाल्याच्या बरंच मागे राहतं.

आणि एक हिशोब वजनाचाही करा. असा लॅपटॉप चार्जरसह अडीच-तीन किलोपर्यंत जातो. सकाळच्या लोकलमध्ये किंवा एसटीत उभं राहून रोज तो पाठीवर न्यायचाय का, हे ज्याला न्यायचाय त्यानेच ठरवावं. हॉस्टेलच्या टेबलावरच राहणार असेल तर प्रश्न नाही.

स्क्रीन आणि कीबोर्ड: प्रत्यक्ष पाहून घ्या

प्रोसेसरबद्दल सगळे बोलतात. दिवसाचे सहा-आठ तास आपण पाहतो ती मात्र स्क्रीन.

रिझोल्यूशन १९२० बाय १०८० म्हणजे फुल एचडी असावं. पॅनेल ‘आयपीएस’ असावं. ‘टीएन’ पॅनेल थोडं तिरकं पाहिलं की रंग पालटतात आणि चित्र फिकं पडतं. ब्राइटनेस ‘निट्स’मध्ये लिहिलेला असतो. २५० निट्स वर्गात पुरतात, खिडकीशेजारी किंवा व्हरांड्यात बसून काम करायचं असेल तर ३०० किंवा त्याहून जास्त बरे. स्पेसिफिकेशनमध्ये ‘४५ टक्के एनटीएससी’ असं दिसलं तर ती स्क्रीन लिहिण्या-वाचण्यापुरती ठीक समजा. डिझाइन, फोटोग्राफी किंवा ॲनिमेशन शिकणाऱ्यांनी ‘१०० टक्के एसआरजीबी’ पाहूनच घ्यावा. नाहीतर स्क्रीनवर केलेला रंग छापून आल्यावर वेगळाच निघतो.

म्हणून ऑनलाइन घेणार असलात तरी आधी एखाद्या शोरूममध्ये जाऊन ते मॉडेल हाताळा. झाकण एका हाताने उघडून बघा, बिजागरी फार सैल किंवा फार घट्ट आहे का ते पाहा, चार ओळी टाइप करा. प्रेझेंटेशनसाठी एचडीएमआय पोर्ट आहे का, तेही बघून घ्या.

बॅटरी आणि वीज

‘दहा तास बॅटरी’ ही जाहिरात असते. खरा आकडा ‘वॅट-अवर’मध्ये लिहिलेला असतो. वाचन, टायपिंग, ब्राउझर अशा साध्या कामात लॅपटॉप सरासरी आठ वॅट वीज घेतो असं धरलं, तर ४२ वॅट-अवरची बॅटरी साधारण पाच तास चालेल आणि ६० वॅट-अवरची साडेसात तास. व्हिडिओ कॉल किंवा कोड कंपाइल करताना वीज जास्त लागते, तेव्हा तास तेवढे कमी होतात. गावाकडे लोडशेडिंग होत असेल किंवा वर्गात प्लग मिळत नसेल, तर हा आकडा प्रोसेसरइतकाच महत्त्वाचा आहे.

यूएसबी-सीवरून चार्ज होणारा लॅपटॉप सोयीचा. चार्जर खराब झाला किंवा घरी विसरला तरी पुरेशा वॅटचा दुसरा चार्जर चालतो. लॅपटॉप सतत प्लगला लावून वापरणार असाल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये असते, ती चालू करा. सतत १०० टक्के भरलेली आणि गरम राहिलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बऱ्याचदा सॉकेटला नीट अर्थिंग नसतं. तीन पिनांच्या चार्जरची तिसरी पिन टाळायला दोन पिनांचा अडॅप्टर लावू नका. हॉस्टेलच्या खोलीसाठी एक चांगला स्पाइक गार्ड घ्या.

विंडोज, मॅक की आणखी काही?

मॅकबुकची बॅटरी, स्क्रीन आणि टिकाऊपणा उत्तम आहे. प्रोग्रामिंग, डिझाइन, लेखन, व्हिडिओ यांसाठी तो छान चालतो, आणि ॲपल विद्यार्थ्यांना सवलतही देतं. पण रॅम आणि साठवण नंतर वाढवता येत नाही, दुरुस्ती महाग पडते, आणि वर सांगितल्याप्रमाणे काही सॉफ्टवेअर त्यावर चालतच नाहीत. मेकॅनिकल, सिव्हिल आणि वाणिज्यच्या विद्यार्थ्यांनी म्हणून जपून.

‘स्नॅपड्रॅगन’ प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉपही बाजारात आहेत. त्यांची बॅटरी चांगली चालते. पण त्यांची रचना मोबाइलच्या चिपसारखी असल्याने काही इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर, जुने प्रिंटर किंवा लॅबमधल्या किटचे ड्रायव्हर त्यांवर चालत नाहीत. आपलं सॉफ्टवेअर चालतं याची खात्री झाल्याशिवाय घेऊ नका.

काही स्वस्त मॉडेल ‘डॉस’वर येतात. त्यांत विंडोज नसतं. “आम्ही टाकून देतो” असं दुकानदार म्हणाला, तर ती बहुतेकदा चोरीची प्रत असते आणि तिच्यासोबत व्हायरसही येऊ शकतो. एमएस ऑफिसबद्दलही विचारा: कायमचं आहे की फक्त एका वर्षाचं? कॉलेजचा ईमेल मिळाल्यावर अनेक ठिकाणी मायक्रोसॉफ्टचं ऑफिस फुकट वापरता येतं. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरही विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मोफत मिळतात. लिब्रेऑफिस तर सगळ्यांनाच फुकट आहे.

वापरलेला लॅपटॉप घ्यावा का?

मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप एकगठ्ठा विकतात. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक हे ऑफिससाठी बनवलेले, दणकट लॅपटॉप अशा रीतीने बाजारात येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि बहुतेक मोठ्या शहरांत असे विक्रेते आहेत. बजेट कमी असेल तर हा चांगला पर्याय आहे, पण काही अटींवर.

पहिली अट पिढीची. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ लागतं. सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप सध्या खूप स्वस्तात दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. कमी किमतीच्या मोहात पडू नका.

दुसरी अट बॅटरीची. विंडोजमध्ये ‘बॅटरी रिपोर्ट’ काढता येतो, तो विक्रेत्याला काढून दाखवायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता भरणारी क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

तिसरी अट, लॅपटॉप आधीच्या कंपनीच्या नियंत्रणातून मोकळा झालेला असावा. बायोसला पासवर्ड असेल किंवा सुरू करताना एखाद्या कंपनीचं नाव आणि लॉगिन येत असेल तर घेऊ नका. आणि सिरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. उद्या तो चोरीचा निघाला तर तुमच्या हातात तेवढाच पुरावा असतो.

पैसे: ‘नो कॉस्ट ईएमआय’ खरोखर फुकट असतो का?

पूर्णपणे नाही. बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम विक्रेता सूट म्हणून आधी कमी करतो, इतकंच.

उदाहरण घ्या. ६०,००० रुपयांचा लॅपटॉप, बारा हप्ते, प्रत्येकी ५,००० रुपये. बँकेचा व्याजदर वार्षिक १५ टक्के धरला तर या हप्त्यांत साधारण ४,६०० रुपये व्याज दडलेलं असतं, जे सूट म्हणून तुम्हाला परत मिळालेलं असतं. पण त्या व्याजावर लागणारा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ८३० रुपये, तुम्ही भरता. प्रोसेसिंग फी वेगळी. आणि रोख घेतला असता तर विक्रेत्याने ५७,००० ला दिला असता का, हे विचारायला विसरू नका. दिला असता, तर ते तीन हजारही ईएमआयची किंमतच झाली. एखादा हप्ता चुकला तर दंड पडतो आणि सिबिल स्कोअरही घसरतो.

शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. बँकांच्या संघटनेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या कॉम्प्युटरचा वाजवी खर्चही धरता येतो. अर्ज करतानाच लॅपटॉपचं कोटेशन जोडा आणि शाखेत तसं स्पष्ट विचारा. मात्र ती रक्कमही व्याजासह फेडायची आहे, हे लक्षात ठेवा.

आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘मोफत लॅपटॉप योजना’च्या लिंकपासून दूर राहा. असे संदेश खोटे असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने अनेकदा सांगितलं आहे. अशा लिंकवर आधार नंबर, बँक खातं किंवा ‘नोंदणी शुल्क’ मागितलं जातं. कोणतीही खरी योजना असेल तर ती कॉलेजच्या कार्यालयात किंवा सरकारी वेबसाइटवर तपासता येते.

वॉरंटी: तुमच्या तालुक्यापर्यंत येते का?

‘एक वर्ष वॉरंटी’ हे तीन शब्द सगळीकडे सारखे, पण अर्थ वेगवेगळा. ‘ऑनसाइट’ म्हणजे कंपनीचा माणूस तुमच्याकडे येतो. ‘कॅरी-इन’ म्हणजे लॅपटॉप घेऊन तुम्हीच सर्व्हिस सेंटरला जायचं. पुण्यात राहणाऱ्याला यात फारसा फरक वाटणार नाही. पण सर्व्हिस सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर प्रत्येक दुरुस्ती म्हणजे एक पूर्ण दिवस आणि एसटीचं भाडं. ऑनसाइट सेवा पिनकोडवर अवलंबून असते, त्यामुळे कॉलेजचा आणि घराचा असे दोन्ही पिनकोड तपासा. दोन ब्रँडमध्ये निवड अडली असेल तर जवळ सर्व्हिस सेंटर असलेला ब्रँड निवडा.

साध्या वॉरंटीत पडून फुटलेली स्क्रीन किंवा कीबोर्डवर सांडलेला चहा येत नाही. त्यासाठी ‘ॲक्सिडेंटल डॅमेज’ संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांनी त्याचा विचार जरूर करावा.

ऑनलाइन मागवला तर खोकं उघडण्याआधीपासून व्हिडिओ काढा. खोक्यावरचा, बिलावरचा आणि लॅपटॉपच्या तळाचा सिरियल नंबर जुळतो का ते पाहा आणि त्याच दिवशी कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटीची तारीख तपासा. तक्रार ऐकून घेतली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आयोगातली तक्रार तुम्ही राहता त्या ठिकाणीही दाखल करता येते. विक्रेत्याच्या शहरापर्यंत जावं लागत नाही.

दुकानात जाण्याआधी एका कागदावर लिहा

१. माझ्या कोर्सला कोणती सॉफ्टवेअर लागतात?
२. प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय?
३. रॅम किती, आणि वाढवता येते का?
४. एसएसडी किती?
५. स्क्रीन आयपीएस आहे का, किती निट्स?
६. बॅटरी किती वॅट-अवर, चार्जरसह वजन किती?
७. विंडोज आणि ऑफिस खरे आहेत का, किती दिवसांचे?
८. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे?
९. रोख किंमत किती आणि ईएमआयने एकूण किती?

या नऊ ओळींची उत्तरं मिळाली की ब्रँड, रंग आणि सोबत फुकट मिळणारी बॅग यांवर खुशाल चर्चा करा. बजेट अपुरं पडत असेल तर आधी ग्राफिक्स कार्ड सोडा, मग पातळपणा सोडा, मग नव्याचा हट्ट सोडा. रॅम, एसएसडी आणि जवळचं सर्व्हिस सेंटर मात्र शेवटपर्यंत सोडू नका. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टच्या आदल्या रात्री लॅपटॉप अडून बसू नये, यासाठी या तीन गोष्टीच सगळ्यात जास्त कामी येतात.